आईच्या छातीतली टिकटिक

मंडळी, आज मोबाइलवरच लिहितेय, चुका पोटात घाला.

माझ्या आईच्या हृदयात धातूची झडप आहे. त्या झडपेवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून तिला रक्त पातळ ठेवणारी रोजची गोळी असते. कुरुंदवाडच्या आमच्या घरात सगळं शांत असलं की त्या झडपेची टिकटिक ऐकू येते.

आज सकाळी आईची वेणी घालत होते. घर शांत, तरी आवाज येईना. पाठीला कान लावला. टिकटिक होती, पण कापसात गुंडाळल्यासारखी.

"आई, गोळी घेतीयास न्हवं?"

"दात घासताना रक्त याय लागलं, म्हणून बंद केली की. बरी हाय मी. तुला कशाला घोर?"

तसंच गाडीत घालून कोल्हापूरला दवाखान्यात आणलं. झडपेवर गुठळी धरलीय. डॉक्टर म्हणाले, "रक्त आलं तर लगेच आम्हाला सांगायचं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नसते."

तुमच्या घरात कुणाला अशी गोळी असेल, तर आत्ता उठून विचाराल का, आज घेतली का म्हणून?

आई आत आहे. मी बाहेर बाकावर बसलेय. समोर भिंतीवर घड्याळ आहे. ते थांबेल की काय, म्हणून त्याच्यावरची नजर काढवत नाही.