निळ्या शंखाची पोती

पडक्या इमारतींचे फोटो काढायचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. तीस वर्षं शाळेत पोरं सांभाळून बाईंचं डोकं फिरलं, असं घरचे म्हणतात. त्यात मी खाडीपलीकडच्या टेकडीवरच्या बंद पडलेल्या वेड्यांच्या इस्पितळात निघाले, तेव्हा तर चेष्टेला ऊतच आला. "परत पाठवतील ना?" असं नवऱ्याने विचारलं.

इस्पितळ सुंदर होतं, हे सांगायची आता लाज वाटते. कौलं गेलेल्या वॉर्डात रानवेली उतरल्या होत्या, खिडक्यांच्या गजांतून समुद्र दिसत होता आणि गंजक्या खाटांवर ऊन पडलं होतं. मी खुशाल फोटो काढत सुटले होते. सोबत एक म्हातारी होती. ती पूर्वी इथेच आया होती आणि अजून फाटकाजवळच्या खोलीत राहते.

शेवटच्या खोलीत कोपऱ्यात रिकामी पोती पडली होती. एकावर निळ्या रंगाने काढलेला शंख होता, म्हणजे आमच्या वाडीची खूण. त्यात नवल काही नव्हतं. आसपासच्या वाडीवाल्यांची सुपारी इथे सोलायला यायची, पेशंटांच्या हाताला काम म्हणून. आमची पोती बाबा स्वतः आणून टाकत.

"ह्या शंखाच्या पोत्याला एक बाई कुनाला हात लावू द्यायची न्हाय," आया म्हणाली. "माज्या बापाच्या वाडीची सुपारी हाय, मीच सोलनार, म्हनायची. पोती घेऊन तिचा भाऊच यायचा ना."

मी म्हटलं, ही पोती आमची आहेत आणि ती आणायचे ते माझे वडील.

"मंग ती तुमची आत्याच की," ती सहज म्हणाली. "इस्पितळ बंद व्हायच्या आदल्या साली हितंच वारली. लई शानी बाई." मी नाव विचारलं. तिने सांगितलं ते आत्याचंच होतं.

माझी आत्या मी बालवाडीत असताना खाडीत बुडाली होती. मला तसंच सांगितलं होतं. नवऱ्याच्या माघारी नाही, त्याच्या आधी गेली, म्हणून पितृपक्षात अविधवा नवमीला आमच्याकडे तिच्या नावाने सवाष्ण जेवते. लग्नाआधी मी स्वतः कितीदा वाढलंय. जेवण झालं की सवाष्णीची ओटी भरतात आणि ओटीत सुपारी घरचीच असते.

बाबा पंच्याऐंशीचे आहेत, पण कान शाबूत, डोकं शाबूत. मी तडक माहेरी गेले. चप्पलही न काढता विचारलं, "आत्या बुडाली होती का?"

झोपाळ्यावरूनच त्यांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग "नाही" म्हणाले. आणखी भात वाढू का विचारल्यावर म्हणतात, तसं. लहानपणी मी खोटं बोलले म्हणून या माणसाने मला छड्या मारल्या होत्या.

झोपाळा पायाने थांबवून त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. सासरच्यांनी तिला आणून सोडलं, ती एकटीच बडबडायला लागली, आजोबांनी तिला टेकडीवर ठेवली आणि गावात बुडाली म्हणून सांगितलं. कुणी संशय घेऊ नये म्हणून नवमी सुरू केली. आणि एकदा गावातल्या बायका तिच्या नावाने जेवून गेल्यावर तिला कुठल्या तोंडाने परत आणणार?

"पण ती बरी झाली होती ना?" माझा आवाज चढला.

"झाली होती. घरी न्या, असं डॉक्टरांचं पत्रही आलं. आजोबा तेव्हा नव्हते. लोक काय बोलायचं ते बोलोत, तिला आणायची, असं मी ठरवलं. तुझ्या आईने माजघरातली खोली झाडून ठेवली." त्यांनी झोपाळ्याची कडी धरली. "पण त्याच आठवड्यात तुला बघायला मंडळी यायची होती."

ती मंडळी मला चांगली आठवतात. पोह्यांची बशी हातात घेत सासूबाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कोण कोण असतं? आई-बाबा दोघेही गप्प राहिले. मला वाटलं, बहिणीच्या आठवणीने बाबांना भरून आलंय. म्हणून मीच पुढे होऊन सांगितलं, एक आत्या होती, ती मी लहान असतानाच वारली.