आत्मारामाची माफी आणि आंबापोळी

गिरणीच्या संपात पोळून आत्माराम मुंबईहून परतला आणि पालीच्या एसटी थांब्याजवळ त्याने दुकान टाकलं. दुकान म्हणजे चार फळ्या आणि बायको मालनच्या हातची आंबापोळी. मे महिन्यात परत निघालेले चाकरमानी ती घेऊन जात, त्यावर या दोघांचं वर्ष निघे. गिरणी काही पुन्हा उघडणार नव्हती. दुकान बुडालं तर दुसरी वाट नव्हती.

आणि नेमकी एका मे महिन्यात पोळीत भोपळ्याची बी निघाली. तीही यमुनाबाईंच्या जावयाच्या दाताखाली. आंब्याच्या रसात लाल भोपळा मिसळायची आत्मारामाची युक्ती तोवर बिनबोभाट चालली होती. आता गावभर बोंब झाली. ज्यांच्या दुधात अख्खी विहीर उतरलेली असते, तेसुद्धा नाक मुरडून दुकानावरून पुढे जाऊ लागले.

मालन म्हणाली, "शिमग्यात पालखीसमोर गाऱ्हाना घाला. देवासमोर कबूल केलात की लोकांची तोंडा बंद होतील."

गाऱ्हाणं घालायचं ते शिवा गुरवाने. तो पडला कडक. "देवासमोर अर्धामुर्धा बोलायचा नाय, सगळा सांग," म्हणाला. आत्मारामाने सगळं सांगितलं आणि शिवाने ते खड्या आवाजात देवाला ऐकवलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरानं आंब्याच्या रसात चौथाई भोपळा घातलान."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव एका सुरात.

"साल काढून वाफवलान, वर वाईच गूळ नि वेलची घातलान, म्हंजे वास येत नाय."

"व्हय म्हाराजा."

"फडक्यातून गाळायचा तेवढा इसारला, म्हणून बी ऱ्हायली."

हा होकार बायकांच्या बाजूने अंमळ मोठा आला.

देवाने माफ केलं, गावाने माफ केलं. आत्माराम रडला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

चैत्र सरायच्या आत पालीच्या बाजारात भोपळा मिळेनासा झाला. दारोदार पोळ्या वाळू लागल्या, एकजात पिवळ्याधमक. शेजारच्या धाकूने तर किराणा बाजूला सारून पोळ्याच मांडल्या. आत्मारामाने मात्र देवाला शब्द दिलेला. त्याची पोळी नुसत्या आंब्याची, म्हणून महाग आणि रंगाने काळपट. गिऱ्हाईक त्याच्याकडचा तुकडा चाखून बघे आणि खरेदी धाकूकडे करी.

मे संपत आला तशा यमुनाबाई आल्या. तुकडा चघळत म्हणाल्या, "आत्मारामा, तुला माफ केला हां आमी. पन तुज्या पोळीची चव गेली रे. धाकूची बघ, तुज्या पयल्या पोळीसारखी लागते."

"मावशी, धाकूच्या पोळीत भोपळा हाय."

यमुनाबाईंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दुसऱ्याच्या नावानं उगाच बोंब मारू नको. त्यानं कधी गाऱ्हाना घातलान काय?"