खिडकीतली बोळकी

शाळेतून आणलेल्या कादंबऱ्यांतल्या नायिका खिडकीत बसून वाचायच्या, कुणाची तरी वाट पाहायच्या. माले गावातल्या आमच्या घराची खिडकी सुपाएवढी, तीही उंचावर. तिच्यात राखेत घोळलेल्या दुधी-भोपळ्याच्या बियांची बोळकी. पेरणीपर्यंत आई त्यांना हात लावू द्यायची नाही.

"मग मी बसू कुठं?" मी चिडायची.

"तुज्या त्या पुस्तकातल्या बाईला कामधंदा न्हाई व्हय?" आई म्हणायची.

लग्नानंतर सासरी निघाले, तेव्हाही आई दारात थांबली नाही. "भाकऱ्या थापायच्यात," म्हणत आत गेली. मला रागच आला. बांधावरून वळून पाहिलं, तर खिडकीत बोळकी नव्हती. कशावर तरी चढून आई उभी होती. मी दिसेनाशी होईपर्यंत तिला काहीच कामधंदा नव्हता.