धागा नसलेले टाके

ऑफिसात तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. पडलेल्या विमानांचा माग काढायचं तिचं काम. रडारच्या पडद्यावर विमान म्हणजे नुसता ठिपका. त्या ठिपक्यांच्या माळेवरून विमान कुठं वळलं, कुठं पडलं, हे ती सांगायची. नवरा म्हणायचा, "डब्यातलं मीठ संपलेलं हिला दिसत नाही, पण आभाळात हरवलेलं बरोबर सापडतं."

"मीठ तू आण की मग," ही म्हणायची.

नव्या माणसाला ती आल्या आल्या बजावायची, "आधी कच्ची नोंद बघा. यंत्रानं साफ करून दिलेली नोंद म्हणजे पाहुण्यांसाठी आवरलेलं घर. खरा पसारा कपाटात कोंबलेला असतो."

आणि या खेपेला तिनंच कच्च्या नोंदीची वाट पाहिली नाही. समुद्रावर गेलेलं भरलं विमान एकाएकी बोलेनासं झालं. काळी पेटी सापडेना, शोधाच्या बोटी बंदरात खोळंबलेल्या, साहेब डोक्यावर बसलेले. हाताशी होती ती साफ नोंद तिनं वाचली. शेवटचे ठिपके सरळ रेघेत पुढं चाललेले. म्हणजे विमान धडधाकट होतं आणि पायलट हाकेला ओ न देता ते नेत होता. तोच वेग धरून तिनं हिशेब मांडला, बोटी पार खोल समुद्रात गेल्या. इकडं जो तो म्हणू लागला, पायलटनंच बुडवलं.

पायलटचा बाप शिंपी. त्याच्या दुकानाच्या दारावर कुणीतरी 'खुन्याचा बाप' असं लिहून गेलं. तेव्हापासून म्हातारा रोज ऑफिसच्या बाकावर येऊन बसायचा. "बाई, पोरगं तसलं नव्हतं." बस्स, एवढंच बोलायचा.

आज कच्ची नोंद आली. तिनं दोन्ही नोंदी एकावर एक ठेवल्या आणि हातातला चहा टेबलभर झाला. पुसायचं सुचलं नाही. ते सरळ ठिपके कच्च्या नोंदीत नव्हतेच. विमान दिसेनासं झालं तरी यंत्र गप्प बसत नाही, मागची चाल बघून पुढचे ठिपके आपल्या मनानं मारतं. आणि विमान गप्प झालं त्या जागी बारीक ठिपक्यांचा सडा पडला होता. यंत्रानं तो कचरा समजून झाडून टाकलेला.

"साहेब, विमान पुढं गेलंच नाही. तिथंच हवेत फुटलं, हे बारीक ठिपके त्याचेच तुकडे."

साहेब उठले, पुन्हा बसले. "अहो, मग आपल्या बोटी?"

"मागं बोलवा."

ती बाकाशी गेली.

"काका, पोरानं काही केलं नाही. विमान हवेत फुटलं, ओ द्यायला त्याला सवडच मिळाली नाही. पुढचे ठिपके यंत्राचे."

"बॉबिनमधला दोरा संपला तरी शिलाईचं मशीन चालतंच," म्हातारा म्हणाला. "भोकं पडतात रांगेनं. टाका एक नसतो."

"तसंच. मी कापड उलटून पाहिलं नाही, काका."

त्यानं सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला. डोळ्यांवर चढवता चढवता हात अधांतरीच थांबला.

"बाई, मग बोटी इतके दिवस कुणाला शोधत होत्या?"

तिनं साहेबांच्या दाराकडं पाहिलं.

"आणि फुटलं तिथं... कुणी पाण्यावर वाट बघत असलं तर?"

आतून साहेबांचा फोनवरचा आवाज येत होता. "अरे वळा! आहात तिथून मागं वळा!"