नारिंगी प्लग

कोलकात्यातल्या गार्डन रीचचा आमचा मेकॅनिक बॉनेटवर कान ठेवून, डोळे मिटून इंजिन ऐकतो. मग त्याचं नेहमीचं वाक्य येतं, "आज चलेगी, दीदी."

आमची हायब्रिड गाडी आता म्हातारी झालीय. परवा तर ती भर पुलावर बंद पडली. तरी रविवारी मुलीला घेऊन बराकपूरला जायचंच होतं, म्हणून निघण्याआधी त्याला दाखवली.

त्याने ऐकलं, जाड हातमोजे चढवले, बॅटरीचा नारिंगी प्लग उपसला आणि शर्टाच्या खिशात टाकला. आता गाडी सुरूच होणार नव्हती.

"अरे, धीरे चलाऊंगी!" मी चिडले.

"बच्ची है साथ में," तो खिशाचं बटण लावत म्हणाला.

धुसफुसत बस पकडली. मुलगी मांडीवर झोपली, तेव्हा जाणवलं, इतकी वर्षं तो 'आज चलेगी' म्हणायचा. मी फक्त 'चलेगी' ऐकायचे.