बुटकी लाट

इस्पितळात त्यांना सगळे झटकेवाले म्हणत. मनगटावर विजेचा बारीक झटका द्यायचा, आणि अंगठ्याच्या स्नायूपर्यंत तो किती वेळात, किती जोरात पोचतो ते पडद्यावर मोजायचं, हे काम त्यांनी तेवीस वर्षं केलं. माणसांना दुखवून पगार घेणारे पुष्कळ असतात. आधी सांगून दुखवणारे हे एकटेच.

"अंगात वायरी असतात का हो?" असं कुणी विचारलं की ते खुलत. "छे! नस म्हणजे गल्लीतली बातमी. एक बारीक दार उघडतं, मिठाचे कण आत घुसतात, त्या गडबडीनं शेजारचं दार उघडतं. असा दारोदार फिरत निरोप बोटापर्यंत!"

त्या सकाळी खुर्चीत त्यांची बायको होती. शिवणकाम करणारी, पण दोन महिने झाले, सुई बोटांत ठरत नव्हती, कात्री पडत होती. मोठ्या डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी दिली होती.

पडद्यावर जोर दाखवणारी लाट बुटकी आली. फारच बुटकी.

"हात गार आहे तुझा," ते म्हणाले आणि कोमट पाणी घेऊन आले. हात बुडवला, पुसला, पुन्हा झटका दिला. निरोप झपकन आला, लाट तेवढीच. पुन्हा पाणी.

"अहो, हात आहे की मळका सदरा?"

"बोलू नकोस, आकडा हलतो."

आकडा बोलण्यानं हलत नाही. आणि गारठ्यानं निरोप रेंगाळतो, लाट बुटकी होत नाही, हे काम शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना दरवर्षी ते स्वतःच शिकवत. लाट बुटकी होते ती हुकूम नेणारे तंतू गळून गेल्यावर. तरी पाणी तिसऱ्यांदा आलं.

मग त्यांनी स्पर्श वर नेणारे तंतू तपासले. ते ठणठणीत होते. हुकमाचे तंतू गळालेले आणि स्पर्शाचे शाबूत, नेमकी हीच जोडी त्यांना नको होती; अशी जोडी आलेल्या कुणाचे हात पुन्हा सुधारलेले त्यांनी तेवीस वर्षांत पाहिले नव्हते.

"मला कळतंय सगळं," ती म्हणाली. "पाणी तिन्ही वेळा कोमट होतं. हात गार नव्हताच माझा."

निदान डॉक्टर करणार. झटकेवाल्यांनी फक्त आकडे लिहायचे. त्यांनी ते लिहिले, सुवाच्य अक्षरात.

"सुई कधी धरता येईल?"

"गिऱ्हाइकांचं कापड परत करू," ते म्हणाले. "मी पोचवतो घरोघरी."

तिनं बाही खाली ओढली.

"ते निळं कापड आहे ना, त्याला अस्तर लागेल," ती म्हणाली. "सांगा त्यांना. शिवणारी कुणी का असेना."