चंदेरी आणि भुरी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी पिंपळवंडीला आले. पहिल्या दिवाळीला माहेरी ओतूरला गेले, तेव्हा मोरीजवळच्या एका झाडाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. झाडाचं खरं नाव आईलाही ठाऊक नव्हतं. गडद हिरव्या पानांवर शिरांच्या मधे चांदीसारखे फुगीर पट्टे, म्हणून आम्ही तिला चंदेरी म्हणायचो.

"हिला फुलं येत्यात का?" सासूबाईंनी विचारलं.

"येत्यात, पण दिसण्यासारखी न्हाईत."

"भाजी व्हती का?"

"न्हाई."

"मग बया, लावतीस कशाला?"

मी नुसती हसले. खरं उत्तर असं, की उठल्यापासून मी ज्याला हात लावायचे ते कोणाच्या तरी पोटासाठी, नाहीतर बाजारासाठी असायचं. एखादी गोष्ट अशी हवी होती, जिच्याकडून कोणालाच काही नको. पण नव्या सुनेनं असलं बोलायचं नसतं.

आधी तुळशीशेजारी लावली, तर उन्हानं पानं करपली. मग घरामागं आंब्याखाली, न्हाणीच्या भिंतीला लागून जागा मिळाली. मिळाली म्हणजे काय, ऊन पोचत नसल्यानं ती कोणालाच नको होती. तिथंही हिचे नखरे कमी नव्हते. पाणी जास्त झालं की देठ कुजायचे, साबणाच्या पाण्याचा ओघळ आला की पानं गळायची. मी आंब्याचा कुजलेला पाचोळा घालत गेले, शेंडे खुडून तेच शेजारी खोचत गेले. काही वर्षांत भिंतीच्या कडेनं चंदेरीचा छान पट्टा झाला. दुपारी भांडी घासून झाली की मी तिथं धुण्याच्या दगडावर बसायचे आणि काहीही करायचे नाही. "सूनबाई चंदेरीत गेल्या," असं घरात थट्टेनं म्हणायचे. म्हणोत बापडे.

दोन हजार साल उलटल्यावर आम्ही द्राक्षबाग धरली आणि घरात बोलायला दुसरा विषय उरला नाही. छाटणी, विरळणी, फवारणी, की पुन्हा छाटणी. दिवसभर मान वर करून घडातले जादा मणी विरळल्यावर भाकरी थापायला हात उचलत नसे. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, सगळ्यात धास्ती भुरीची. भुरी म्हणजे पानांवर आणि मण्यांवर पांढरी पूड चढवणारा रोग. ढगाळ हवेत, दाट सावलीत हमखास यायचा. आभाळ भरून आलं की आबा बागेतच जेवायचे आणि पान न् पान उलटून बघायचे.

अशाच एका ढगाळ आठवड्यात मी ओतूरच्या बाजाराला गेले होते. परत येऊन बघते तर माझा सगळा पट्टा भुरीवर मारतात त्या पिवळ्या गंधकानं भरलेला आणि पानं आकसलेली. न्हाणीमागं बायकांचा वावर, म्हणून आबा इतकी वर्षं तिकडं फिरकले नव्हते. त्या दिवशी आंब्याची वाळकी फांदी तोडायला गेले आणि सावलीत पांढरी पानं दिसली.

"घरामागंच भुरी पाळली व्हती आपण!" ते अंगणात सगळ्यांना सांगत होते.

सासऱ्यांपुढं तोंड उघडायची आमच्याकडं पद्धत नव्हती. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत गेले. रागसुद्धा धड आला नाही, इतकी दमले होते. दुसऱ्या दिवशी करपलेले देठ बुडापासून छाटून टाकले. महिन्याभरात बुडातून नवी पानं आली, तशीच चंदेरी.

पुढच्या हंगामात बागेत खरीच भुरी शिरली. फवारून फवारून सगळे मेटाकुटीला आलो, तरी मणी तडकले आणि घडच्या घड सडले. आबांनी हवेला बोल लावला नाही की औषधाला. सरळ कुदळ घेऊन घरामागं आले. मी धुणं धूत होते.

"हितनंच आली ती. आता मुळासकट काढतो," ते म्हणाले.

मी उठून मधे उभी राहिले. कुठून बळ आलं कोण जाणे. मी आबांचं मनगट धरलं. सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नसतो, तरी धरलं आणि त्यांचा अंगठा पानावर घासला.

"बघा आबा, बोटाला पूड लागती का? भुरी असती तर पुसली गेली असती."

आबांनी अंगठा बघितला. मग स्वतःच दुसरं पान घासलं, मग खालचं, मग पलीकडचं. जोर लावून घासलं. पान फाटलं, पण चांदी निघाली नाही. त्यांनी कुदळ खाली ठेवली आणि माझ्या दगडावर बसले.

"मग आपली बाग कशानं गेली गं?"

एवढ्या वर्षांत त्यांनी मला काही विचारलं असेल तर ते एवढंच. आबा पंच्यानं डोळे पुसायला लागले आणि मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. झाड वाचलं होतं. पण मला वाटत होतं, काढू दिलं असतं तर बरं झालं असतं; निदान आबांना बोल लावायला काहीतरी उरलं असतं.